गाण्यातली पावलं : ग्रांदोला, सेन्सॉर आणि २५ एप्रिलची रात्र

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं बोलण्यासारखंच ठेवलं आहे.)

निषेधाच्या गाण्यांचा विषय निघाला की श्रोत्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "ते सगळं ठीक आहे हो, पण गाणी म्हणून कुठे हुकूमशाही जाते का?" प्रश्न रास्त आहे. आजचा अख्खा भाग त्यालाच दिला आहे.

उत्तर मी आधीच सांगून टाकते. नाही जात. रणगाड्यासमोर उभं राहून गाणं म्हटलं म्हणून रणगाडा थांबत नाही. पण मग हुकूमशहा गाण्यांना घाबरतात का? वहीभर गाण्यांवर निळी पेन्सिल फिरवायला माणसं पगारावर का ठेवतात? गाण्यात काहीच नसेल, तर एवढा खटाटोप कशासाठी?

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घ्यायला माझ्या मते पोर्तुगालसारखं उदाहरण नाही. तिथे एक गाणं रेडिओवर लागलं आणि ४८ वर्षांची राजवट एका दिवसात कोसळली. असं सांगितलं की ते परीकथेसारखं वाटतं. ती परीकथा नाही. म्हणूनच आज सावकाश उलगडून बघू.

कुठली राजवट?

ही राजवट आपल्याला परकी नाही, कारण गोव्यावर तीच राज्य करत होती. १९२६ साली पोर्तुगालमध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९३२ मध्ये सालाझार पंतप्रधान झाला आणि पुढच्या वर्षी त्याने नवी घटना आणून आपल्या राजवटीला नाव दिलं ‘एस्तादो नोव्हो’, म्हणजे नवं राज्य. पक्ष एकच, निवडणुका नावापुरत्या, आणि ‘पिदे’ नावाचे गुप्त पोलीस. १९६८ मध्ये सालाझार आजारी पडला आणि त्याच्या जागी मार्सेलो काइतानो आला. लोकांना वाटलं आता जरा मोकळं होईल. नावं बदलली. पिदेचं नाव बदललं, सेन्सॉरशिपलाही ‘पूर्वपरीक्षण’ असं सभ्य नाव मिळालं. कारभार तोच राहिला.

सेन्सॉर म्हणजे काय असतं हे गोव्यातल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. लग्नपत्रिका छापायची तरी आधी मंजुरी लागायची. लिस्बनमध्येही वर्तमानपत्राचा प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा आणि निळ्या पेन्सिलीने खाडाखोड होऊन परत यायचा. पोर्तुगीज भाषेत ‘निळी पेन्सिल’ हा शब्दच सेन्सॉरशिपसाठी रूढ झाला.

आता या सेन्सॉरची एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. सेन्सॉर कागद वाचतो. त्याच्यासमोर शब्द असतात. शब्दांत राजा, सैन्य, युद्ध, उपासमार असं काही आहे का, हे तो बघतो. त्याचं सगळं बळ त्यात आहे आणि त्याची अडचणही त्यातच आहे.

झेका

आपल्या गोष्टीतला गायक म्हणजे जुझे अफोन्सो. ‘जुझे’ हा उच्चार गोव्याच्या मंडळींना घरचाच वाटेल. पोर्तुगालमध्ये सगळे त्याला झेका म्हणतात. जन्म १९२९ चा. वडील न्यायखात्यात, त्यामुळे नोकरीसाठी आफ्रिकेतल्या वसाहतींत आणि पुढे तिमोरला. झेकाचं बालपण कधी अंगोलात, कधी मोझांबिकमध्ये, कधी पोर्तुगालमध्ये नातेवाइकांकडे गेलं. त्यातले एक काका गावाचे महापौर आणि सालाझारचे कट्टर समर्थक. म्हणजे घरातूनच बंडखोरीचं बाळकडू मिळालं, असं काही नव्हतं.

कोइंब्रा हे पोर्तुगालचं जुनं विद्यापीठाचं गाव. तिथे तो शिकायला गेला. विद्यार्थ्यांनी काळे झगे घालून रात्री फादो गायचा, अशी तिथली परंपरा. झेका त्यातला नामांकित गळा होता. पुढे तो शाळामास्तर झाला. १९६४ ते ६७ मोझांबिकमध्ये शिकवत होता, तेव्हा तिथे वसाहतीचं युद्ध सुरू झालेलं होतं. ते त्याने जवळून पाहिलं. परत आला आणि १९६८ मध्ये सरकारी शिक्षणखात्याने त्याला काढून टाकलं. मग खाजगी शिकवण्या आणि गाणं. ऑर्फेउ नावाच्या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्याला दरमहा पैसे द्यायचे आणि त्याने वर्षाला एक तबकडी द्यायची, असा करार झाला. नोकरी गेलेल्या गायकाचं घर त्यावर चाललं.

१९६३ मध्येच त्याचं ‘व्हांपायर’ नावाचं गाणं आलं होतं. रात्री येऊन सगळं खाऊन जाणाऱ्या रक्तपिपासूंचं. ते कोण, हे सांगायची गरज नव्हती. सेन्सॉरलाही कळलं. गाण्यावर बंदी आली. पुढे तर अशी वेळ आली की वर्तमानपत्रात झेकाचं नावच छापता येईना. तेव्हा काही पत्रकारांनी काय केलं? नाव उलटं छापलं. जुझेचा ‘एसोज’ आणि अफोन्सोचा ‘ओस्नोफा’. वाचणाऱ्याला बरोबर कळायचं. हुकूमशाहीत वाचकही फार हुशार होतात, हे विसरू नका.

त्याचं आणखी एक गाणं आहे, ‘मृत्यू रस्त्यावर आला’ अशा अर्थाच्या नावाचं. ते जुझे दियाश कोएल्यो या शिल्पकारावर आहे. तो भूमिगत कम्युनिस्ट कार्यकर्ता होता. पिदेच्या माणसांनी त्याला लिस्बनच्या रस्त्यात गोळ्या घालून मारलं. तारीख होती १९ डिसेंबर १९६१. तारीख ओळखीची वाटली का? त्याच दिवशी गोवा मुक्त झाला. एकाच दिवशी एकाच राजवटीच्या हातून पणजी सुटली आणि लिस्बनच्या रस्त्यात एक कलावंत पडला. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ ती तारीख नुसती बघत बसले होते. गोव्याचा मुक्तिदिन आपण आपला म्हणून साजरा करतो. त्याच जोखडाखाली पोर्तुगीज माणूसही दबलेला होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही.

काशियश

लिस्बनजवळ काशियश नावाचा किल्ला आहे. तिथे राजकीय कैदी ठेवत. १९७३ च्या एप्रिल-मेमध्ये झेका तिथे काही आठवडे होता. कोठडीत त्याने एक कविता लिहिली, आणि त्याच वर्षी तिचं गाणं होऊन ते तबकडीवर आलं.

या तुरुंगाचं नाव मराठी वाचकांना आणखी एका माणसामुळे माहीत आहे. मोहन रानडे. सांगलीचे. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात काम केलं, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. त्यांना पुढे पोर्तुगालला नेलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी रानडे काशियशमध्येच. सुटका झाली थेट जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्या ‘सतीचे वाण’ या पुस्तकाचं नाव बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी जिवाचं रान केलं, त्यांत सुधीर फडके होते. हेच बाबूजी १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते. त्या लढ्याला निधी हवा म्हणून पुण्यात लताबाईंच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता.

म्हणजे बघा, सालाझारच्या विरोधात गाण्याने आपल्याकडूनही थोडं काम केलेलं आहे. तिकीट विकून निधी उभा करणं हे तर गाण्याचं सगळ्यात साधं, सरळ काम. त्याला कुणी कमी लेखू नये.

गाणं कसं झालं

आता मूळ गाण्याकडे येऊ. पोर्तुगालच्या दक्षिणेला आलेंतेजो नावाचा प्रांत आहे. गव्हाची मोठमोठी शेतं, बुचाची झाडं, थोडे जमीनदार आणि भूमिहीन मजुरांची गावंच्या गावं. तिथलं ग्रांदोला हे एक गाव. १७ मे १९६४ रोजी तिथल्या कामगारांच्या एका संगीत मंडळाने झेकाला गायला बोलावलं. मंडळ कसलं, एक साधं सभागृह आणि एक छोटं ग्रंथालय. पण मजुरांनी वर्गणी काढून स्वतः चालवलेलं. ज्या देशात चार माणसं एकत्र बसली की पोलीस विचारपूस करत, तिथे ही माणसं आपलं आपण वाद्यवृंद चालवत होती, पुस्तकं वाचत होती. झेका भारावून गेला. त्याने त्या गावावर कविता लिहिली आणि मंडळाला पाठवून दिली.

कवितेत काय आहे? ओळी मी म्हणत नाही, आशय सांगते. उन्हाने सावळं झालेलं गाव. तिथे बंधुभाव आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर मित्र भेटतो. गावात शब्द चालतो तो लोकांचा. आणि एक जुनं झाड आहे, त्याचं वय त्यालाच आठवत नाही, त्याच्या सावलीत बसून गावाला सोबती मानल्याची शपथ. संपलं. कुणाला शिवी नाही, कुणाचं नाव नाही, ‘हुकूमशाही’ हा शब्द नाही, युद्ध नाही.

चाल लागली सात वर्षांनी. १९७१ मध्ये झेका फ्रान्सला गेला, पॅरिसजवळच्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. संगीत संयोजन जुझे मारियो ब्रांकोचं. हा स्वतः वसाहतीच्या युद्धात जायला नको म्हणून देश सोडून पॅरिसला राहिलेला. त्याला वाटलं, हे गाणं आलेंतेजोच्या ‘कांते’सारखं व्हायला हवं.

कांते म्हणजे तिथल्या मजुरांचं समूहगान. वाद्य नाही. एक जण सुरुवात करतो, दुसरा वरच्या पट्टीत उचलतो, मग सगळा जमाव खर्जात सामील होतो. माणसं हातात हात अडकवून, एकमेकांना खांदा लावून रांगेत उभी राहतात आणि अगदी संथ पावलं टाकत गातात. दिंडीत चाललेल्यांना हे सांगायला नको. पुढचा ओळ सोडतो, मागचे ती झेलतात, आणि लय पायांत असते. २०१४ मध्ये युनेस्कोने कांतेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

तर ब्रांकोने काय केलं, मध्यरात्रीनंतर, बाहेरची रहदारी थांबल्यावर, वाड्याबाहेरच्या खडीवर मायक्रोफोन ठेवले आणि चौघे जण हातात हात घालून चालले. ती पावलं गाण्याच्या सुरुवातीला आहेत. आधी नुसती खडी वाजते. खर्र, खर्र, खर्र. मग एकट्या झेकाचा आवाज. मग पुरुषांचा जमाव. गंमत अशी की झेका एक कडवं म्हणतो, आणि जमाव त्याच ओळी उलट्या क्रमाने परत म्हणतो, शेवटची ओळ आधी, पहिली ओळ शेवटी. दोनदा ऐकलं की गाणं पाठ होतं. मला पोर्तुगीज येत नाही, तरी पहिल्या ऐकण्यात मला ती पावलं कळली होती. कुठेतरी निघालेली बरीच माणसं आहेत, आणि त्यांना घाई नाही.

निळी पेन्सिल चुकते

२९ मार्च १९७४. लिस्बनचं कोलिझेउ नाट्यगृह खचाखच भरलेलं. पोर्तुगीज गाण्यांचा मोठा कार्यक्रम. सेन्सॉरकडे सगळ्या गाण्यांचे शब्द आधी गेलेले. झेकाची बरीच गाणी कापली गेली. शिल्पकाराच्या खुनावरचं गेलं. ‘अजून पाच जण येऊ द्या’ अशा अर्थाचं होतं, ते गेलं. ग्रांदोलाला मात्र परवानगी मिळाली. का नाही मिळणार? कागदावर ते एका गावाचं कौतुक आहे.

कार्यक्रमाच्या शेवटी सगळे गायक रांगेत उभे राहिले, कांतेसारखे हातात हात अडकवून, आणि ग्रांदोला सुरू झालं. सगळं प्रेक्षागृह गायला लागलं. सेन्सॉरने कापलेली सगळी गाणी लोकांनी त्या एका मंजूर गाण्यात भरली. शब्द गावाचे होते. पण म्हणणारा प्रत्येक जण काय म्हणतोय हे त्याला स्वतःला माहीत होतं, आणि शेजारच्यालाही तेच माहीत आहे हे त्याला ऐकू येत होतं.

इथे जरा थांबू, कारण मला वाटतं गाण्याचं खरं काम हे आहे. हुकूमशाहीत बहुतेकांना राजवट नको असते. अडचण ती नसते. अडचण अशी की प्रत्येकाला वाटतं, मी एकटाच. शेजारी खबऱ्या असेल. ऑफिसातला साहेब पोलिसांना सांगेल. भिंतीला कान आहेत. मनातलं मनातच राहतं, आणि लाखो माणसं एकेकटी राहतात. भाषण केलं तर वक्ता एक आणि ऐकणारे गप्प, ऐकणाऱ्यांच्या मनात काय आहे ते कळत नाही. पत्रक वाचायचं तर एकट्याने, दार लावून. गाण्यात मात्र सगळे एकदम बोलतात. ओरडलेल्या घोषणेसाठी पकडता येतं. गावाचं कौतुक करणारं मंजूर गाणं म्हटलं म्हणून पाच-सहा हजार माणसांना काय करणार? सेन्सॉरने शब्द तपासले. लोकांनी त्या शब्दांत काय ठेवलंय, ते तपासायला त्याच्याकडे साधनच नव्हतं.

त्या रात्री प्रेक्षकांत सैन्याच्या एका गुप्त संघटनेतले काही अधिकारीही बसलेले होते.

कप्तानांचं गाऱ्हाणं

हे अधिकारी कोण? बहुतेक कप्तान, तिशीतली माणसं. १९६१ पासून पोर्तुगाल आफ्रिकेत लढत होतं. आधी अंगोला, मग गिनी-बिसाऊ, मग मोझांबिक. तेरा वर्षं. जिंकता येत नाही आणि सरकार सोडत नाही. एकेक अधिकारी तिसऱ्या-चौथ्यांदा आफ्रिकेत जाऊन आलेला. त्यांची चळवळ सुरू झाली ती मात्र एका अगदी व्यावहारिक तक्रारीवरून. १९७३ मध्ये सरकारने बढतीचे नियम असे बदलले की थोड्या काळासाठी भरती झालेले अधिकारी कायम नोकरीतल्यांच्या पुढे जाणार होते. त्यातून बैठका सुरू झाल्या. बैठकांत बढतीवरून युद्धावर आणि युद्धावरून राजवटीवर बोलणं आलं. क्रांतीची सुरुवात दर वेळी उदात्त असतेच असं नाही, हेही सांगायला हवं.

त्यांच्या मनात आणखी एक जखम होती, गोव्याची. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने गोव्याच्या गव्हर्नर जनरलला हुकूम दिला होता की शरण जायचं नाही, शेवटपर्यंत लढायचं. समोर प्रचंड भारतीय सैन्य. व्हासालो ई सिल्व्हाने उगाच माणसं मारायला नकार दिला आणि शरणागती पत्करली. तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले. ते परत गेल्यावर सरकारने त्यांनाच दोषी धरलं आणि व्हासालो ई सिल्व्हाला सैन्यातून काढून टाकलं. आफ्रिकेत लढणाऱ्या कप्तानांनी त्यातून धडा घेतला. उद्या युद्ध हरलो तर खापर आपल्याच डोक्यावर फुटणार.

१६ मार्च १९७४ रोजी एक पलटण लिस्बनकडे निघालीसुद्धा. पण बाकीच्या निघाल्या नाहीत. ती एकटी पडली, परत फिरली, आणि जवळजवळ दोनशे जण पकडले गेले. त्यामुळे नव्या बेताची आखणी करणाऱ्या ओतेलो साराइव्हा द कार्वाल्योपुढे प्रश्न अगदी तांत्रिक होता. देशभर विखुरलेल्या तुकड्यांना एकाच क्षणी ‘निघा’ कसं कळवायचं? फोनवर भरवसा नाही. निरोप्या पकडला जाऊ शकतो. सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येईल आणि कुणालाच संशय येणार नाही, असं काय आहे? रेडिओ.

दोन गाणी

२४ एप्रिलच्या रात्री ११ ला पाच मिनिटं कमी असताना लिस्बनच्या एका स्थानिक केंद्रावर पाउलो द कार्वाल्योचं ‘निरोपानंतर’ अशा अर्थाचं गाणं लागलं. प्रेमभंगाचं गाणं. ६ एप्रिललाच ते इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन स्पर्धेत पोर्तुगालच्या वतीने गायलं गेलं होतं. ती स्पर्धा स्वीडनच्या आब्बाने जिंकली, आणि हे गाणं शेवटच्या क्रमांकावर राहिलं. राजकारणाशी काडीचा संबंध नाही. म्हणूनच निवडलं. त्याचा अर्थ : तयार राहा.

त्या केंद्राचा आवाज लिस्बनच्या आसपासच पोचायचा. म्हणून दुसरा इशारा देशभर ऐकू जाणाऱ्या केंद्रावरून हवा होता. ते होतं रेडिओ रेनासेन्सा, चर्चच्या मालकीचं. तिथल्या ‘लिमिते’ या मध्यरात्रीच्या कार्यक्रमातली काही माणसं सामील होती. आधी बेत होता झेकाचं ‘अजून पाच जण येऊ द्या’ लावायचा. पण ते केंद्राच्या बंदीच्या यादीत होतं. ते लावलं असतं तर लगेच कान टवकारले गेले असते. मग ग्रांदोला ठरलं.

रात्री बारा वाजून वीस मिनिटं. निवेदकाच्या आवाजात पहिलं कडवं. मग खडीवरची पावलं. खर्र, खर्र. अर्थ : निघा, आता माघार नाही.

पहिलं गाणं फक्त खूण होतं. त्याच्या जागी दुसरं कुठलंही चाललं असतं. ग्रांदोलाचं तसं नव्हतं. बराकीत रेडिओला कान लावून बसलेल्यांना त्या पावलांतून वेळही कळली आणि कशासाठी निघायचं तेही कळलं.

‘घरातच थांबा’

सांतारेमहून साल्गेइरो माया हा कप्तान रणगाडे आणि चिलखती गाड्या घेऊन निघाला आणि सकाळी लिस्बनच्या मुख्य चौकात पोचला. रेडिओवरून लष्करी चळवळीची निवेदनं येत होती : नागरिकांनी घरातच थांबावं, शांतता राखावी.

लोकांनी ऐकलं नाही. माझ्या मते हा त्या दिवसाचा सगळ्यात मोठा क्षण. हजारो लोक बाहेर पडले, रणगाड्यांच्या भोवती जमले, सैनिकांना खायला-प्यायला दिलं, सिगारेटी दिल्या. सेलेस्ते काएरो नावाची एक बाई उपाहारगृहात कामाला होती. त्या दिवशी उपाहारगृहाचा वर्धापनदिन म्हणून कार्नेशनची फुलं आणली होती, पण गडबडीत ते उघडलंच नाही, आणि फुलं कामगारांना वाटली. ती फुलं घेऊन निघाली. वाटेत एका सैनिकाने सिगारेट मागितली. तिच्याकडे नव्हती, तिने फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवलं. मग दुसऱ्याने. क्रांतीला नाव पडलं ते त्यावरून.

संध्याकाळी काइतानो शरण आला. रक्त अगदीच सांडलं नाही असं नाही. गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात चार जण गेले. फुलांच्या फोटोंमागे ही चार माणसं झाकली जातात, म्हणून मुद्दाम सांगते. आणि दोन दिवसांत काशियशचे दरवाजे उघडले.

आता विचार करा. लोक घरात थांबले असते, तर तो लष्करी उठाव झाला असता. एका गणवेशाकडून दुसऱ्या गणवेशाकडे सत्ता. १९२६ मध्ये तेच झालं होतं. लोक रस्त्यावर आले म्हणून ती क्रांती झाली. बरोबर एका वर्षाने, २५ एप्रिल १९७५ ला, संविधान सभेसाठी मुक्त निवडणूक झाली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी मतदान केलं. बाहेर पडायचं धैर्य एका सकाळीत येत नसतं. कोइंब्राच्या रात्री, मजुरांची मंडळं, उलटं छापलेलं नाव, कोलिझेउचं प्रेक्षागृह, अशा किती तरी ठिकाणी वर्षानुवर्षं त्याची तालीम झालेली होती.

पण चिली?

पोर्तुगालची गोष्ट गोड शेवटाची आहे, म्हणून समतोलासाठी चिलीचं नाव घ्यायलाच हवं. या घटनेच्या सातच महिने आधी, सप्टेंबर १९७३ मध्ये, तिथे लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. व्हिक्टर हारा हा तिथला तितकाच लाडका गायक. त्याला हजारो लोकांबरोबर एका बंदिस्त स्टेडियममध्ये डांबलं, हाल केले आणि गोळ्या घालून मारलं. गाण्यांत काही कमी नव्हतं. तिथे बंदुका दुसऱ्या बाजूला होत्या, आणि पिनोशेची राजवट १९९० पर्यंत टिकली. आज त्या स्टेडियमला व्हिक्टर हाराचं नाव आहे.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की गाण्याची मर्यादा दिसते. सत्ता पडायला सैन्यात फूट, हरत आलेलं युद्ध, रिकामा खजिना, असं बरंच काही लागतं. गाणं ते आणत नाही. पण तो क्षण आलाच, तर एकेकट्या माणसांचा जमाव व्हायला वेळ लागू नये, याची तयारी गाणं करून ठेवतं. आणि क्षण नाही आला, तर मेलेल्यांची नावं सांभाळून ठेवतं.

पुढे काय झालं

नव्या पोर्तुगालने वसाहती सोडल्या. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. पोर्तुगालतर्फे सही केली मारियो सोआरेस यांनी. ते स्वतः सालाझारच्या तुरुंगात राहून आलेले. भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. आपण १९६१ मध्ये जे मिळवलं, त्यावर लिस्बनचा शिक्का बसायला तिथली हुकूमशाही जावी लागली. व्हासालो ई सिल्व्हालाही त्याचा हुद्दा परत मिळाला.

झेकाने मानसन्मान नाकारले. सरकारने देऊ केलेला स्वातंत्र्याचा किताबही घेतला नाही. पुढे स्नायूंच्या असाध्य आजाराने त्याचा आवाज गेला आणि १९८७ मध्ये तो वारला.

गाणं मात्र निवृत्त झालं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये, कर्जाच्या संकटामुळे पगार-पेन्शन कापले जात होते, तेव्हा पोर्तुगालच्या संसदेत पंतप्रधान बोलत असताना प्रेक्षक सज्जातून ग्रांदोला सुरू झालं. पंतप्रधानांना थांबावं लागलं. मग मंत्री जातील तिथे लोक हेच गाऊ लागले, इतकं की ‘ग्रांदोला करणे’ असं क्रियापदच भाषेत आलं. लोकशाहीतल्या निवडून आलेल्या सरकारलाही तेच गाणं ऐकवता येतं, कारण त्यात कुणा सालाझारचं नावच नाही. गावात शब्द कुणाचा चालतो, एवढंच ते विचारतं. आणि हा प्रश्न कधी जुना होत नाही.

तर ज्यांनी विचारलं होतं, "गाणी म्हणून हुकूमशाही जाते का?", त्यांना माझं सांगणं एवढंच की गाणं जरूर ऐका. पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष देऊ नका. एकट्या आवाजात जमाव कुठे मिसळतो, ते ठिकाण शोधा. ते सापडलं की निळ्या पेन्सिलवाल्याच्या हातून काय निसटलं, ते कळेल.

तुमच्या गावात, घरात असं एखादं गाणं असेल, कागदावर साधं आणि म्हणताना वेगळंच होणारं, तर नक्की कळवा. त्यावरही कधीतरी बोलू. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.